पंचफुला आत्याचं अमेरिकेतलं नाव

मी शाळेत लिपिक आहे, त्यामुळे कागद या वस्तूबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. दिवसभर दाखले, उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि त्यांच्या झेरॉक्सा यांत मान मोडल्यावर घरी कोणी कागद पुढे केला की माझं डोकं फिरतं. माझ्या बायकोला, छायाला, हे ठाऊक आहे. विजेचं बिलसुद्धा ती माझं जेवण झाल्यावरच दाखवते. आमच्या आत्याला मात्र हे आजवर पटलेलं नाही. तिच्या मते मी कागदाचा माणूस, म्हणून गावातले निम्मे आणि घरातले सगळे कागद माझे. त्यात पुढे अमेरिकेच्या सरकारचाही एक कागद माझ्या गळ्यात पडला. त्यावर मी तेव्हा भरपूर चिडचिड केली. आज मात्र त्या कागदाचे आभार मानायला बसलो आहे.

आत्या म्हणजे पंचफुला, माझ्या वडिलांची, पंजाबरावांची, धाकटी बहीण. आमचं गाव मोताळ्याच्या जवळच. खर्च्यांच्या घरात तिचं लग्न झालं, पण तिचा नवरा भागवतराव लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली तेव्हा मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो आणि माझी बहीण मंजुश्री पाळण्यात होती. मंजूच्या जन्मापासून आईची तब्येत बिघडलेली, म्हणून मंजू आपसूक आत्याच्या मांडीवर गेली ती तिथंच वाढली. ती आईला आई म्हणायची, पण पडली-झडली की हाक आत्याला मारायची. आईला त्याचं वाईट वाटलं असेल तर तिनं कधी दाखवलं नाही.

आत्या विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात भाजीपाला करते. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मोताळ्याच्या आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली आहे. स्वतःहून ती मूठभर जास्त घालेल, पण कोणी भाव पाडून मागितला की तराजूतली वांगी परत टोपल्यात जातात. एकेक वांगं दाबून पाहणाऱ्या बाईला ती म्हणते, "घे नं बाई, जावई पसंत करून राह्यली का?" बाजार हसतो आणि ती बाई निमूट पिशवी पुढे करते. अशी तोंडाची फटकळ बाई एकाच ठिकाणी गप्प बसली होती, आणि ते ठिकाण म्हणजे रजिस्ट्रीचं ऑफिस.

आमचे आजोबा वारल्यावर वडिलांनी तिला तिथं नेलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी-चोळी करतो, आणि तलाठी सातबाऱ्यावरून बहिणींची नावं कमी करतो. 'कमी करणे' हा त्यातला सरकारी शब्द. माझे वडील काही दुष्ट नव्हते. सगळे करतात ते त्यांनी केलं, आणि विहिरीजवळचा तुकडा तिच्या पोटापाण्याला तोंडी देऊनही टाकला. आत्यानं सही केली, साडी घेतली, चहा प्याला आणि घरी आली. आठवड्याभरात टमाट्याची झाडं काठ्यांना बांधायची वेळ आली. तिनं ती कोरी साडी घडीतून काढली, तिच्या चिंध्या केल्या आणि सगळ्या झाडांना बांधल्या. वडील बांधावरून पाहत होते. हिरव्या झाडांत त्या जांभळ्या चिंध्या लांबून दिसायच्या, एवढं मला आठवतं.

पुढे त्याच वावरावर मी शिकलो, मंजू शिकली, तिच्या अमरावतीच्या होस्टेलचे पैसे भरले गेले. आमच्या घरातला प्रत्येक शिकलेला माणूस आत्याच्या कमी झालेल्या नावावर शिकलेला आहे. हे मी आधीही जाणून होतो, पण जाणणं वेगळं आणि छातीत कळणं वेगळं.

तिच्या सासरच्या गावी मात्र गंमत झाली. तिथं भागवतरावांच्या मागे तिचं नाव लागलेलं होतं आणि ते कमी करायचं दिरांच्या ध्यानातून राहून गेलं. रस्त्यासाठी ती जमीन गेली तेव्हा मोबदल्यात तिचाही वाटा निघाला. मग दीर धावतपळत आले, हातात साडीची पिशवी घेऊन. आत्यानं त्यांना पाणी दिलं, पोहे दिले आणि सांगितलं, "साड्या लय झाल्या, भाऊजी. माह्याकडं आता टमाटे कमी हायेत." दिरांना त्यातलं काही समजलं नाही. आम्हाला समजलं आणि आम्ही आतल्या खोलीत तोंडात पदर आणि रुमाल कोंबून हसलो.

मोबदला बँकेत आला. इथून पुढची गोष्ट फक्त आमच्याच घरात होऊ शकली असती.

मंजू तोवर अमेरिकेत स्थिरावली होती. प्रयोगशाळेत नोकरी, लग्न, छकुली नावाची लेक, आणि मग तिथलं नागरिकत्व. दोन-तीन वर्षांनी एकदा ती यायची. माहेरवाशीण परत निघाली की तिची ओटी भरायची, साडी-नारळ द्यायचा. पण मंजू म्हणायची, "आत्या, साडी तिकडं नेसनं होत नाही, बॅगेत वजन होते." आत्यानं त्यावर स्वतःचीच तोड काढली. मंजू निघायच्या आदल्या दिवशी ती धुवट लुगडं नेसायची, मंजूला घेऊन मोताळ्याला जायची आणि बँकेत नाहीतर पतसंस्थेत एक ठेव पावती करायची. पहिलं नाव स्वतःचं, मागून मंजूचं. "ओटी भरून राह्यली मी. कर इथं सही," एवढंच ती म्हणायची. मंजू हसत सही करायची. बँकेतल्या योगिनी मॅडम तिच्या परदेशाच्या कागदपत्रांच्या प्रती मागायच्या, त्या मी काढून द्यायचो. घरी आल्यावर आत्या त्या पावतीला हळदकुंकू लावायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायची. मंजूला वाटायचं, वारसाचं नाव लावलं असेल. मला वाटायचं, साडीच्या दुकानातला दुपारभराचा ताप वाचला.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मंजूचा फोन आला. आवाज घाबरलेला. तिनं टॅक्स भरायला नवी बाई धरली होती. त्या बाईनं पहिल्याच भेटीत विचारलं की परदेशातल्या एखाद्या खात्यावर तुझं नाव आहे का. मंजू सहज म्हणाली, माझ्या आत्याच्या दोन-चार पावत्यांवर असेल. त्यावर त्या बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला म्हणे.

तिथला नियम असा. अमेरिकेत टॅक्स भरणाऱ्या माणसाचं नाव बाहेरदेशातल्या खात्यांवर असेल आणि वर्षात एखाद्या दिवशी जरी त्या सगळ्यांची बेरीज दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्यानं दरसाल सरकारला तसं कळवायचं. पैसे कोणाचे का असेनात, खात्यावर नाव आहे ना, मग कळवायचं. मोबदल्याच्या पावत्या व्याजासकट त्या आकड्याच्या थोड्या वर गेल्या होत्या. मंजूनं इतकी वर्षं काहीच कळवलं नव्हतं. न कळवल्याचा दंड किती होऊ शकतो हे त्या बाईनं सांगितलं, आणि तो आकडा ऐकून मंजूच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा, सगळ्या खात्यांवरून माझं नाव काढून टाक," ती म्हणाली. "आजच्या आज. आत्याची सही घे आणि काढून टाक."

मी लिपिक माणूस. सांगितलं ते केलं. अर्ज टाइप केले, सहीच्या जागी खुणा केल्या, पेन घेतलं आणि विहिरीवर गेलो. आत्या वांगी तोडत होती.

"आत्या, मंजूचा फोन आल्ता. तिचं नाव कमी करायचं हाय खात्यावरून. इथं सही कर."

आत्यानं हात पदराला पुसले आणि पेन घेतलं. मग ती थांबली.

"मंजूनं सोता म्हटलं? नाव कमी कर म्हनून?"

"हाव."

"काऊन?"

मी तिला नियम सांगू लागलो. डॉलर, दंड, सरकार. ती माझ्याकडे पाहत होती, पण तिच्या कानात तो एकच शब्द अडकला होता. तिनं पेन मला परत दिलं.

"मले कमी केलं तवा मी सही केली. मुकाट्यानं केली. आता ह्याच हातानं माह्या पोट्टीले कमी करू? नाई होत मले. जाय बे तू."

टोपलं उचलून ती निघून गेली. त्या आठवड्यात ती बाजाराला गेली नाही. अंगात ताप असताना बाजार केलेली बाई ही. तोडलेली वांगी टोपल्यात सुकली. ती जेवायची, दोन शब्द विचारले तर उत्तर द्यायची, पण मंजूचा फोन आला की गोठ्यात निघून जायची. मी चिडलो. मंजूवर दंड बसला तर कोण भरणार, असं मोठ्यानं म्हणत घरात फेऱ्या मारल्या. तेव्हा छायानं मला चांगलंच झापलं.

"तुमाले कागद दिसते, मानूस दिसत नाही," ती म्हणाली. "त्या बाईच्या जवळ देयाले काय हाय? वावर नाही, घर नाही. जे हाय त्याच्यावर लेकीचं नाव टाकलं तिनं. अन् तुमी जाऊन म्हनता कमी कर."

मी अंगणात जाऊन मंजूला फोन लावला आणि तिला ती टमाट्याच्या चिंध्यांची हकिगत सांगितली. तिला ती माहीतच नव्हती. तेव्हा ती फार लहान होती, आणि आत्यानं या गोष्टीचा कधी उच्चार केलेला नव्हता. फोनवर तिनं नाक ओढलं.

"दादा, मी तिला 'नाव काढ' म्हटलं रे," ती म्हणाली. "तिनं ते काय म्हणून ऐकलं असेल!"

दुसऱ्याच दिवशी ती त्या टॅक्सवाल्या बाईकडे पुन्हा गेली आणि यावेळी तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोबदला, ओटी, हळदकुंकू, सगळं. त्या बाईचं नाव मला उच्चारता येत नाही, पण तिचं भलं होवो. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता नाव काढून काही उपयोगच नाही, मागच्या वर्षांचं काही त्यानं पुसलं जात नाही. ती वर्षं सांगावीच लागतील. पैसे आत्याचे, व्याज आत्याचं, त्यामुळे तुझा टॅक्स काही बुडालेला नाही. मागच्या सहा वर्षांचे कागद भर, उशीर का झाला ते खरं खरं लिही. आपण होऊन सांगणाऱ्या अशा माणसाला ते सहसा दंड करत नाहीत. लपवलंस तर मात्र अवघड आहे.

"अन् पुढं?" मी फोनवर मंजूला विचारलं. "नाव ठेवायचं का काढायचं?"

"ठेवायचं. दरसाल कळवायचं, बस. मी कळवत जाईन."

मी गोठ्यात गेलो. आत्या म्हशीपुढे वैरण टाकत होती.

"आत्या, कमी नाही करायचं. उलटं सांगायचं हाय, का मंजूचं नाव हाय म्हनून."

"कोनाले सांगायचं?"

"अमेरिकेच्या सरकारले."

"अन् मंजूनं म्हटलं असं?"

"तिनंच म्हटलं. रडून राह्यली होती."

आत्यानं उरलेली वैरण एकदाच टाकून दिली. "एवढंच होतं तं आधी नाही सांगता आलं तुले? चाल मंग." आणि ती धुवट लुगडं नेसायला आत गेली. मी आधी काय सांगत होतो, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

प्रत्येक वर्षात प्रत्येक खात्यात जास्तीत जास्त किती पैसे होते, हे इंग्रजीत लेखी हवं होतं. बँकेत योगिनी मॅडमनी रांगेतल्या लोकांना थोडं थांबवून आमचे उतारे काढून दिले आणि वर विचारलं, "आजी, अमेरिकेला चाललात का?" आत्या म्हणाली, "मी नाही, माहा हिशोब चालला." पतसंस्थेत मात्र वेगळाच प्रकार झाला. तिथले व्यवस्थापक इंद्रभान हे अत्यंत सज्जन आणि तितकेच भित्रे गृहस्थ. अमेरिकेचं सरकार म्हटल्याबरोबर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"अविनाशभाऊ, आपल्या पतसंस्थेचा हिशोब मागितला अमेरिकेनं? आपलं ऑडिट तं 'अ' वर्गाचं हाय हो!"

मी समजावलं, पुन्हा समजावलं. त्यांनी अध्यक्षांना फोन लावायला घेतला. शेवटी आत्या वैतागली.

"इंद्रभान भाऊ, तुमचा नाही, माहा मांगितला. तुमाले कोन इचारते तिथं?"

हे ऐकून त्यांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. मग मात्र ते झटून कामाला लागले. पतसंस्थेत असा इंग्रजी उतारा कधी कोणी मागितला नव्हता. डबा तसाच ठेवून त्यांनी एकेका पावतीचा हिशेब काढला, एका बोटानं टाइप केला, माझ्याकडून स्पेलिंगं तपासून घेतली आणि प्रत्येक पानावर गोल शिक्का मारला. एकदा पुढून, एकदा मागून. मागून कशाला, विचारलं तर म्हणाले, "राहू द्या, अमेरिकेचं काम हाय." घरच्या माणसासारखा राबला तो माणूस. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आत्याच्या पिशवीतली मेथी तेवढी दिली.

दार लावून केलेली गोष्ट गावात पोचायला वेळ लागत नाही. आत्या पुढच्या बाजारात बसली तेव्हा पंचफुलाबाईवर अमेरिकेची धाड पडली, अशी बातमी तिच्या आधीच येऊन बसली होती. शेजारी कांदे विकणाऱ्या रंगरावानं तिला हळूच सल्ला दिला की उरलेलं सोनंनाणं असेल तर पुरून टाक. तानाबाई मिरचीवाली उठून जवळ आली.

"खरं हाय का वं? चौकशी होऊन राह्यली तुही?"

"हाव," आत्या वांगी मांडत म्हणाली. "माह्या पैशाची अमेरिकेत चौकशी होऊन राह्यली. तुह्या पैशाची इचारपूस केली का कोनी? मोताळ्यात तरी?"

त्या दिवशी धाड पडलेली बाई पाहायला इतके लोक आले की दुपारच्या आतच तिचं टोपलं रिकामं झालं.

मग एका रविवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि तिच्याकडे सकाळ असताना मंजूनं व्हिडिओ कॉल केला. कागद कॉम्प्युटरवरच भरायचा होता, आणि तो आत्यासमोर भरायचा असा तिचा हट्ट.

"आत्या, मी चुकली," मंजू म्हणाली.

"लिहाय लवकर. म्हशीची धार काढायची हाय मले," आत्या म्हणाली. यापलीकडे त्यांच्यात माफी-बिफी काही झाली नाही.

मी एकेक उतारा वाचत गेलो, मंजू भरत गेली. उशीर का झाला, या रकान्यात तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि मग आत्यासाठी मराठीत सांगितलं. 'माझ्या वडिलांच्या बहिणीनं मला वाढवलं. मी घरून निघताना दरवेळी तिनं आपल्या बचतीवर माझं नाव घातलं. आमच्यात मुलीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. अशी खाती कळवायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं.' मी कार्यालयीन भाषेचा माणूस, मला ते फार घरगुती वाटलं. तसं मी बोलणारही होतो, पण छायानं माझ्याकडे पाहिलं.

पुढचा रकाना आला. संयुक्त खातं असेल तर मुख्य खातेदार कोण, त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता.

"आत्या, तुझं नाव लिहून राह्यली मी," मंजू म्हणाली. "पंचफुला भागवत खर्चे. गाव, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. बरोबर?"

आत्या खाटेवरून पुढे सरकली. "माह्यं नाव? तिथं कायले?"

"तूच तं मालकीन हाय. मालकाचं नाव लिहावंच लागते. माझं फक्त मागून."

"अन् ते कोनाले दिसते?"

"अमेरिकेच्या सरकारले."

आत्यानं थोडा विचार केला. "तलाठी येऊन कमी तं नाही करत तिथून?"

"नाही आत्या. तिथं तलाठी नाही. अन् हे एकदा लिहून होत नाही, दरसाल लिहावं लागते."

"दरसाल?"

"दरसाल."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, छायाकडे पाहिलं, भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. "मंग लिही बाप्पा," ती म्हणाली आणि धार काढायला निघून गेली. त्या दिवशी गोठ्यातून तिचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. मला भरून आलं, आणि हे मी छायालाही सांगितलं, लाजलो नाही.

दंड झाला नाही. वर्ष गेलं, तिकडून काही नोटीस आली नाही. ती टॅक्सवाली बाई म्हणाली, झालं, आता दरसाल वेळेवर कळव. मंजूनं दुसऱ्या वर्षीही कळवलं. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच आत्यानं नवीन खूळ काढलं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. बाजारात ती नोट डोळ्याजवळ नेऊन पाहू लागली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मी खर्च करतो म्हटलं तर ती कुणाच्या पैशानं डोळे उघडायला तयार नव्हती, आणि स्वतःची पावती मोडायलाही तयार नव्हती. आज नको, पिकू दे, टमाटे निघू दे. याच दिवसांत छायाच्या लक्षात आलं की आत्या रोज संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळी येऊन बसते आणि विचारते, "आज डॉलर कितीले हाय?"

वांग्यांचा भाव दुसऱ्याला न विचारणारी बाई डॉलरचा भाव विचारत होती. मी खनपटीला बसलो तेव्हा खरं बाहेर आलं. त्या व्हिडिओ कॉलच्या वेळी तिनं ऐकलं होतं की बेरीज दहा हजार डॉलरच्या खाली गेली तर कळवायची गरज नाही. तिची बेरीज काठावर. पावती मोडली की खाली. वरून डॉलर महागला की तेवढेच रुपये कमी डॉलरचे होतात, हेही तिला कुणीतरी बाजारात सांगून ठेवलेलं.

"डोये काय, आहेत तेवढे पुरे," ती म्हणाली. "त्याच्या खाली गेलं तं तिथून नाव निघते माह्यं. मले मालूम हाय."

मी कपाळावर हात मारला. आख्ख्या जगातले लोक त्या आकड्याच्या खाली राहायला धडपडत असतील, आणि आमची आत्या आंधळी होत वर राहायला बसली होती! मंजूला फोन लावला. तिला हसावं की रडावं कळेना.

"आत्या," ती म्हणाली, "गरज नाही म्हंजे मनाई नाही. खाली गेलं तरी मी लिहीन. एक रुपया राह्यला तरी लिहीन. तू डोळे कर."

"लिहिशील?"

"तुही आन."

आत्यानं पावती मोडली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्माही गेला. पहिल्याच दिवशी तिनं मला हाक मारली, "अविनाश, तो अमेरिकेचा कागद आन बे." मंजूनं पाठवलेली त्याची प्रत मी शाळेत छापून आणली होती. ती मी तिच्या हातात दिली. आत्याला इंग्रजी येत नाही. तिनं कागद उन्हात धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कुठीसा हाय?"

मी तिचं बोट धरून त्या ओळीखाली ठेवलं. बोट तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं, जणू ओली शाई आहे. मग परत पहिल्या टोकाला आणलं.

"हे सगळं मीच?"

"हाव आत्या. सगळं तूच."

तिनं कागदाला हळदकुंकू लावलं, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत पावत्यांच्या वर ठेवली. पेटीचं झाकण लावून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, नव्या डोळ्यांनी.

"हे कमी करायले कोनी आलं," ती नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाली, "तं मले सांगजो."